‘आमच्या वेळी’ कसे सांगावे?

पन्नाशी उलटली की तीन गोष्टी होतात. गुडघे कुरकुरू लागतात, पेपर हातभर लांब धरावा लागतो आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्ये न बोलावता तोंडात येतात. पहिल्या दोहोंवर डॉक्टर आहेत. तिसरीवर आजवर साधे माहितीपत्रकही निघालेले नाही. त्यामुळे मे महिन्यात घरोघरी हे कथन अत्यंत अशास्त्रीय रीतीने चालते. विहीर दर सुट्टीत दोन हात खोल होते, शाळा दर सुट्टीत एक किलोमीटर लांब जाते आणि श्रोते मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. वक्त्याचा उत्साह टिकावा आणि श्रोत्यांचे हाल आटोक्यात राहावेत, या दुहेरी हेतूने पुढील सूचना तयार केल्या आहेत.

१. पात्रता

वक्ता साधारण १९६५ ते १९८५ या काळात कधीतरी दहा वर्षांचा असावा. ज्या पुणेकरांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला, त्यांना या मार्गदर्शिकेची गरज नाही. त्यांनी नुसते ‘पानशेत’ म्हटले तरी सभा शांत होते. नव्वदीत वाढलेली मंडळी हल्ली ‘आमच्याकडे फक्त लँडलाइन होता’ म्हणत रांगेत घुसू पाहतात. त्यांना नम्रपणे मागे उभे करावे. त्यांचीही पाळी येईल.

वक्ता बहुधा पुरुष असतो. त्याचे कारण सहाव्या कलमात येईल.

२. मुहूर्त

सर्वांत उत्तम मुहूर्त म्हणजे वीज गेल्यानंतरची पहिली दहा मिनिटे. वाय-फाय बंद असते आणि इन्व्हर्टर लावायला कोणी उठलेले नसते. दुसरा मुहूर्त आमरसाच्या जेवणानंतरचा. तेव्हा श्रोत्यांना पळून जाण्याची इच्छा असली तरी उठवत नाही.

३. साहित्य

एक विहीर, एक भाड्याची सायकल, एक टेकडी, पिशवीभर चोरीच्या कैऱ्या, त्या कैऱ्यांचा एक खवट मालक आणि अंगावर दाखवता येईल असा किमान एक व्रण.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधलेला असावा आणि ‘मामाने दिले ढकलून’ हे वाक्य आलेच पाहिजे. मात्र श्रोत्यांत कोणी ‘श्यामची आई’ वाचलेले असेल तर जपून. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कथेतला श्याम पोहण्याच्या भीतीने घरात लपून बसतो, आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते. मराठीतली सर्वांत गाजलेली उडी ही अशी पालकांच्या कडक देखरेखीखाली पडलेली आहे. वक्त्याच्या मामाची गोष्टही याच सदरात मोडते. मामा काठावर उभा होता, हे एकदा कबूल केले की विहीर थोडी उथळ होते.

सायकल पुण्याची असल्यास उत्तम, कारण ते सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. सायकल तासाच्या भाड्याने आणलेली, वक्त्याच्या खांद्याइतकी उंच आणि नळीखालच्या त्रिकोणातून पाय घालून चालवलेली असावी. दुकानदार वहीत नाव लिहून घ्यायचा आणि उशीर झाला तर वडिलांना गाठायचा, हा तपशील ऐच्छिक ठेवावा. चोर पकडल्याचा प्रसंग सांगायचा असेल तर तो आपल्या आयुष्यातला की भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’तला, हे आधी तपासून घ्यावे. फुरसुंगीच्या त्या पोराची साहसे वाचून वाढलेल्या पिढीत ही सरमिसळ फार आढळते.

४. कृती

सुरुवात ‘सकाळी घराबाहेर पडायचो ते दिवेलागणीलाच परत’ या वाक्याने करावी. त्यानंतर खेळांची नावे एका दमात घ्यावीत. लगोरी, सूरपारंब्या, डबा ऐसपैस, विषामृत, आबाधोबी, विटीदांडू. मध्ये श्वास घेतल्यास कोणीतरी ‘म्हणजे काय?’ विचारते आणि नियम समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. वक्त्याला स्वतःला आबाधोबीचे नियम धड आठवत नाहीत, हेही त्याच वेळी उघडे पडते.

एखादा श्रोता खरोखरच ऐकत आहे असे दिसले, तर विटीदांडूची मोजणी सांगावी. वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. म्हणजे महाराष्ट्रातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या धुळीत बसून तेलुगूशी सख्खे नाते सांगणारे आकडे मोजत होती आणि कोणाच्याही बापाने त्यासाठी क्लास लावला नव्हता. या मुद्द्यावर श्रोता मोबाइल खाली ठेवतो, असा अनुभव आहे.

५. टीव्हीबाबत दक्षता

‘आमच्या वेळी टीव्ही नव्हताच’ असे सरसकट म्हणू नये. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर वाड्यात किंवा चाळीत ज्या एका घरी संच आला, त्या घराच्या दाराबाहेर रविवारी संध्याकाळी चपलांचा ढीग पडे, आणि त्यात वक्त्याचीही चप्पल असे. मैदानावरून तो स्वतःहून आलेला असे, कोणी ओढून आणलेला नसे. ‘मुले पडद्याला चिकटली आहेत’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तो ढीग क्षणभर आठवावा.

६. काय वगळावे

कथनाची गोडी सांगण्यापेक्षा वगळण्यात अधिक असते, म्हणून हे कलम सविस्तर.

पहिल्याने घराचे क्षेत्रफळ वगळावे. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एक खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. त्या खोलीत आजी, आईबाप, एखादा गावाहून आलेला काका आणि चार पोरे. पोरांना बाहेर पिटाळण्यामागे बालमानसशास्त्राचा काडीइतकाही संबंध नव्हता. आईला केर काढायला जमीन दिसली पाहिजे, एवढाच हेतू. रात्रपाळी करून आलेला काका दुपारी झोपलेला असेल तर बाहेर जाण्याची परवानगी मागावीच लागत नसे. आत राहण्याची मागावी लागे.

दुसरे म्हणजे डोळे वगळावेत. ‘आमच्यावर कोणाचे लक्ष नसायचे’ हे विधान बिनचूक ठरण्यासाठी पुढील व्यक्तींचा उल्लेख टाळावा : गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या काकू, ओट्यावरचे निवृत्त आजोबा, कोपऱ्यावरचा वाणी, पिठाच्या गिरणीवाला, शाळेचे शिपाई आणि पोस्टमन. टेकडीवर विडी ओढून पाहिल्याची बातमी वक्ता घरी पोहोचण्याआधी घरी पोहोचलेली असे. शेजारच्या काकांनी कानफटात दिली तर ते घरी सांगण्याची सोय नव्हती, कारण सांगितले की दुसरी बसे. आजोळी एकट्याने एसटीने गेल्याचे सांगताना, वडिलांनी स्टँडवर कंडक्टरला ‘पोराला सातारला उतरवा’ असे बजावले होते आणि तिकडे मामा तासभर आधी येऊन उभा होता, ही दोन्ही टोके कापून मधला प्रवास तेवढा ठेवावा.

तिसरी वगळण्याची गोष्ट म्हणजे बहीण. वक्ता सूरपारंब्या खेळत असताना ती कुठे होती, हे त्याला सहसा सांगता येत नाही. ती धाकट्याला कडेवर घेऊन ओसरीवर सागरगोटे खेळत होती, आणि पाण्याची वेळ झाली की तेही टाकून नळावर जात होती. ‘सातच्या आत घरात’ हा नियम तिच्यासाठी होता. तिला घरोघर हिंडायची मोकळीक मिळे ती अश्विनात, भोंडल्याच्या दिवसांत, आणि तीही खिरापत ओळखून परत येण्यापुरती. ती कथनाला हजर असल्यास वक्त्याने तिच्याकडे पाहू नये.

विहीर कोणाची होती, हा प्रश्नही उपस्थित होऊ देऊ नये. अस्पृश्यता पाळणे १९५५च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. तरीही ज्या पाण्यात वक्त्याने दिवसभर मुटके मारले, त्या पाण्याचा एक घडा काढण्यासाठी वस्तीतल्या बायकांना काठावर ताटकळत उभे राहावे लागे, अशी गावे महाराष्ट्रात पुष्कळ होती. तसेच हॉटेलातला पोऱ्या. तोही दहाच वर्षांचा. त्याचेही आईबाप जवळ नव्हते, आणि तोही सकाळी बाहेर पडून अंधार पडल्यावरच मोकळा होई. देखरेखीशिवायच्या बालपणाचा तो सर्वांत अस्सल नमुना असूनही त्याला कोणी वक्ता म्हणून बोलावत नाही.

शेवटी, जे सांगायला उरले नाहीत त्यांना वगळावे. ‘आम्ही माती खाल्ली, गंजका खिळा पायात घुसला, काही झाले नाही’ हे वाक्य ज्यांना काही झाले नाही तेच म्हणू शकतात. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचली नाहीत. २०२० साली हा आकडा २८ होता. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्याआधीच्या बहुतेक गल्ल्यांत पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेला एक मुलगा असे. क्रिकेटमध्ये त्याला अंपायर करत. तो होता हे वक्त्याला नाव घेतल्यावर आठवते, आणि मग कथन जरा वेळ थांबते.

७. अडचणीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

‘आजोबा, मग तुम्ही बाबांना एकटे का नाही सोडले?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘काळ बदलला’ असे मोघम म्हणण्याची प्रथा आहे. त्याऐवजी आकडे द्यावेत. पुणे महापालिकेच्या हद्दीत १९७१ साली साडेआठ लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०११ साली एकतीस लाखांहून अधिक. ज्या रस्त्यावर पोरे भोवरे फिरवत, तिथे आता चालत पलीकडे जाणे हाच साहसी खेळ आहे.

हे दुखणे फक्त आपलेच नाही, असाही दिलासा द्यावा. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली होती. १९७१ साली त्यांतली ८० टक्के मुले मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० साली फक्त ९ टक्के. पालकांनी सांगितलेले मुख्य कारण होते रहदारी. तेव्हा मोबाइल कोणाच्या खिशात नव्हता, त्यामुळे त्याला दोष देणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

‘मी खाली कोणाबरोबर खेळू?’ हा प्रश्न अधिक अवघड आहे. १९७१च्या सुमारास भारतात एका बाईला सरासरी पाचाहून अधिक मुले होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राची सरासरी १.७ निघाली. पूर्वी एका घरातल्या भावंडांची लगोरीची अर्धी फळी जमत असे. आता पाच मजल्यांतून चार मुले निघतात. त्यांतले एक अबॅकसला, एक तबल्याला, एक स्केटिंगला गेलेले असते, आणि उरलेले हे प्रश्न विचारत असते.

‘वाडा कुठे गेला?’ असे मात्र कोणी विचारण्याआधी आमरसाची दुसरी वाटी मागावी. वाडा पाडून तिथे इमारत झाली. चौकाच्या जागी पार्किंग आले. विकसकाबरोबरच्या करारावर सर्व भाडेकरूंनी सह्या केल्या. त्यांतली एक सही वक्त्याची आहे, कारण स्वतंत्र संडास कोणाला नको होता? सहीबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. फक्त चौकाबद्दल गळा काढताना ती खिशातून बाहेर डोकावणार नाही, याची काळजी घ्यावी.

८. प्रात्यक्षिक

वरील सात कलमे पचवूनही ज्यांना हे बालपण नातवंडांना नुसते ऐकवण्याऐवजी थोडे चाखवावे असे वाटते, त्यांच्यासाठी एक घरगुती प्रयोग. लिफ्टने खाली यावे. जिन्याजवळच्या भिंतीवर एक पाटी दिसेल : ‘आवारात क्रिकेट, फुटबॉल व इतर खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकूमावरून.’ ‘इतर खेळ’ या दोन शब्दांत लगोरी, विषामृत आणि आबाधोबी सगळे मावते. पाटीखाली अध्यक्ष व सचिव असे लिहिलेले असते. निवृत्तीनंतर वेळ असल्यामुळे ही पदे बहुधा साठी ओलांडलेल्यांकडे येतात, म्हणजे पुष्कळदा वक्त्याकडेच.

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अजेंड्यात सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात. संध्याकाळी पाच ते सात पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर काढाव्यात, फुटलेल्या काचेचा खर्च संस्थेने द्यावा आणि त्या वेळात दोन आजी-आजोबांनी खुर्च्या टाकून खाली बसावे, असा ठराव त्यात मांडता येतो. सूचक आणि अनुमोदक मिळून दोनच माणसे लागतात. पाटी चार स्क्रूंवर आहे.