कपाटाची किल्ली कुणाकडे?

आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाचा जन्म 2005 चा, इटलीतल्या इव्रिया गावातल्या डिझाइनच्या संस्थेतला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या पोरांनाही हाताळता यावा म्हणून हा बोर्ड साधा आणि स्वस्त ठेवला गेला. आपल्याकडच्या किती कॉलेजांत तो पोरांच्या हाती आहे आणि किती ठिकाणी डेडस्टॉक रजिस्टरात?

रजिस्टरात नोंद झाली की कुलूप लागतं.

बोर्ड जळाला तर भरून कोण देणार, ही भीती. पाच व्होल्टच्या पिनेला बारा व्होल्ट दिले की तो जळतोच. आणि पोरगं ते जन्मभर विसरत नाही. चार-पाचशे रुपयांत येणाऱ्या बोर्डाकडून आणखी काय हवं?

शेवटच्या वर्षी मग रेडीमेड प्रोजेक्ट येतो. पेटी तयार, रिपोर्ट तयार, व्हायवाची उत्तरंही तयार. दिवा लागला, पंप फिरला, सह्या झाल्या.

त्यातही लाडका विषय ऑटोमॅटिक ठिबकचा. जळगावात! रावेर-यावलच्या केळीत ठिबकच्या नळ्या पसरल्यात, आणि आपला प्रोजेक्ट टेबलावरच्या कुंडीला पाणी घालतो. शेत किती लांब आहे हो कॉलेजपासून?

शेतात गेलात तर पहिल्याच आठवड्यात अक्कल येते. डीएचटी 11 हा प्रत्येक किटमधला तापमानाचा सेन्सर 50 अंशांपर्यंतच मोजतो, तोही दोन अंश इकडेतिकडे. मे महिन्यात जळगावात सावलीतच पारा 45 च्या घरात असतो. पत्र्याखाली ठेवलेल्या त्या सेन्सरवर विश्वास कसा ठेवायचा?

ओलावा मोजणारा दोन दातांचा स्वस्त सेन्सर तर त्याहून हळवा. ओल्या मातीत वीज सतत वाहत राहिली की दात गंजून झिजतात. वाचन घेण्यापुरतीच वीज द्यावी, नाहीतर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा. आधी फसलेला कुणी शेजारी बसला तर हे दोन मिनिटांत कळतं.

मेंटरिंग म्हणतात ते हेच.

नॅकच्या फायलीत मेंटर-मेंटीची यादी असते. कोणत्या सरांकडे किती मुलं, सगळं लिहिलेलं. पण पोरगं वायर जोडत असतं तेव्हा सर कुठे असतात? बिचारे बहुतेक फायलीच भरत असतात. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाने संध्याकाळी सहाला बिनपगारी लॅबमध्ये का थांबावं? त्या तासाचे पैसे द्या, मग विचारा.

तोवर सीनियर पोरं आहेत की. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बंधाऱ्याचं पाणी आपसात वाटून घेतलं. पाळ्या त्यांनीच ठरवल्या, पाणी सोडणारा पाटकरीही त्यांनीच नेमला. ज्या मातीत पाण्यासारखी भांडणाची गोष्ट वाटली गेली, तिथे वीस बोर्डांच्या कपाटाची किल्ली तिसऱ्या वर्षाच्या पोरांना देता येत नाही?

येते. दिवाळीच्या सुट्टीत बोर्ड घरी न्यायला द्या. ज्याचा बाप केळी लावतो, त्याने तो बांधावर लावून बघावा.

जळालेला बोर्ड निर्लेखित करायला अर्ज आणि सही लागते. प्राचार्य महोदय, सत्राच्या पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाका, ‘ती सही मी करेन.’