पोचता भाव

आमच्या आळीतले मेजर सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच. नोकरी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे शत्रूपेक्षा रॉकेलच्या कॅनांशी जास्त संबंध. पंपावरचा पोरगा लिटरचा भाव सांगतो, तेव्हा मेजर त्याच्याकडे कीव येऊन बघतात. "हा जागेवरचा भाव. पोचता भाव सांग!"

मग पारावर लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सियाचीन उतरतं. झोजिला खिंड तेव्हा हिवाळ्यात बंद, म्हणून साठा उन्हाळ्यातच वर न्यायचा. ट्रक लेहला, तिथून खारदुंगला खिंड ओलांडून बेस कॅम्पला. ट्रक स्वतः डिझेल पितो, ते लिहा. काश्मिरात ताफ्याआधी रस्ता तपासणारी तुकडी निघते, तिचं लिहा. शेवटी चीता हेलिकॉप्टर. सगळ्यात उंच चौक्यांवर ते एका खेपेला जेमतेम एखादा वीस लिटरचा कॅन उचलतं. "आणि परतीच्या रिकाम्या गाडीचं डिझेल?" पेन्सिल थांबते. "तिथंच भले भले साहेब चुकतात."

2009 साली पेंटॅगॉननं अफगाणिस्तानातल्या दुर्गम ठाण्यांवर एक गॅलन तेल 400 डॉलरपर्यंत पडतं असं सांगितलं, याचा मेजरांना राग आहे. आकड्याचा नाही, उशिराचा.

फॉकलंड युद्धाची गोष्ट मात्र ते पेढा खाल्ल्यासारखी सांगतात. 1982. असेन्शन बेटावरून ब्रिटिशांचं एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान फॉकलंडमधल्या स्टॅन्लीच्या धावपट्टीवर पोचवायला अकरा व्हिक्टर टँकर उडाले. टँकरनं टँकरला पाजायचं, त्यानं पुढच्याला, असं करत शेवटी बॉम्बरला. एकवीस बॉम्ब टाकले, धावपट्टीवर पडला एक. "आता त्या खड्ड्याचा पोचता भाव काढा!" म्हणत मेजर मांडीवर थाप मारतात.

परवा मेजरांच्या पुतण्याच्या वऱ्हाडाच्या गाडीवाल्यानं रिकाम्या परतीचंही भाडं मागितलं. सगळे त्याच्या अंगावर धावले. मेजर उठले आणि त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "बरोबर मागतोय तो!" नवरदेवाच्या बापाचा चेहरा पडला. गाडीवाला लगेच पाया पडायला वाकला.

"पण रिकामी गाडी डिझेल कमी पिते," मेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "बस. पत्रिका आहे का कुणाकडं?"