राजापुरी अंदाजशास्त्र

मनुष्याचा स्वतःच्या अंदाजावरील विश्वास आणि त्या अंदाजाची लायकी यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो, हे मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात प्रयोगांनिशी दाखवून दिले असले, तरी त्याची प्रात्यक्षिके पाहण्यासाठी परदेशी विद्यापीठात जाण्याची गरज नसून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर त्यासाठी पुरेसे आहे. तेथे दोन प्रकारचे पाणी येते: एक उन्हाळे येथील चौदा कुंडांत प्रकटणारी गंगा, आणि दुसरे अर्जुना व कोदवली या नद्यांचे, जे पावसाळ्यात कोणाच्याही आमंत्रणावाचून जवाहर चौकात दाखल होते.

गंगा दर तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते, असा परंपरेचा हिशेब असून अलीकडे तो तिने स्वतःच मोडीत काढलेला आहे. हे पाणी भूगर्भातील नैसर्गिक वक्रनलिकेमुळे (सायफनमुळे) वर येते, हे गृहीतक मान्य केले, तरी त्यातून तारीख काही निघत नाही. या अज्ञानाचा जाणकारांच्या संख्येवर मात्र कोणताही अनिष्ट परिणाम झालेला दिसत नाही. गंगा आली, की ‘मी म्हटलंच होतं’ असे म्हणणारे एकाच आळीत इतके निघतात, की आदल्या दिवशी हे सर्वजण गप्प का होते असा प्रश्न पडावा. घटना घडून गेल्यावर ती आधीपासूनच दिसत होती असे वाटणे, यास पश्चातदृष्टीचा दोष म्हणतात. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांच्या चीन व रशिया दौऱ्यांपूर्वी वर्तविलेल्या शक्यता लोकांना नंतर आठवावयास सांगितल्या, तेव्हा जे घडले त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटले. थापाड्याला निदान आपली थाप ठाऊक असते. येथे तीही सोय नाही. अंदाज आधीच तारखेसह लिहून ठेवणे हा यावरचा उपाय असून, भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी तेवढी जागा सहज मिळते. परंतु लिहिलेले नंतर घरातले कोणीही वाचू शकते, ही त्यातील गंभीर त्रुटी होय.

पुराच्या बाबतीत मात्र बाजारपेठेतील तोच जाणकार, पावसाचा जोर आणि नदीचा रंग पाहून, खालच्या फळीवरचा माल वर कधी चढवावा हे पुष्कळदा अचूक ठरवतो. एकाच डोक्यात अशी दोन डोकी कशी नांदतात, याचे उत्तर डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांच्या २००९ मधील संयुक्त लेखात सापडते: अंतःप्रेरणा, म्हणजे विचार न करता सुचलेला निर्णय, विश्वासार्ह ठरण्यासाठी परिस्थितीत काही नियमितपणा असावा लागतो आणि चूक झाल्याचे लवकर व स्पष्ट कळावे लागते. पूर ते त्याच रात्री कळवतो, तेही पोती भिजवून. गंगा वर्षानुवर्षे कळवत नाही.

तथापि चूक कळली म्हणजे ती सुधारतेच असे नाही, याचा पुरावा गणपतीला मुंबईहून निघणारा चाकरमानी दरवर्षी देतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने आपल्या पूर्णतेच्या अनेक तारखा पाहिलेल्या असताना, हा गृहस्थ मात्र खड्डे, घाट आणि वडापावचे थांबे वगळून, रस्ता केवळ आपल्यासाठी मोकळा आहे अशा हिशेबाने ‘दुपारच्या जेवणाला घरी’ असे कळवतो. यास नियोजनभ्रम म्हणतात: आपले काम मागच्या अनुभवावरून न मोजता, सर्व काही सुरळीत होईल या चित्रावरून मोजणे. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले असता त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, सर्व काही बिघडले तर सुमारे ४९ दिवस लागतील असे ते म्हणाले, आणि प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. अर्थात त्यांच्या वाटेत कशेडी घाट नव्हता.

या भ्रमावरील तोडगा, म्हणजे आतल्या चित्राऐवजी बाहेरच्या अनुभवावर विसंबणे, राजापुरातील आईने कोणतेही पुस्तक न वाचता अंगीकारलेला असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ज्याला अंमलबजावणीचा संकल्प म्हटले, म्हणजे ‘अमुक घडले की तमुक करायचे’ असे आधीच बांधून ठेवणे, तेही तिच्या स्वयंपाकघरात रूढ असते. त्यामुळे मुलगा चिपळुणातून फोनवर वेळेचे सविस्तर गणित मांडू लागला, तरी ती ते मायेने ऐकून घेते आणि राजापूरच्या अलीकडच्या गावाचे नाव घेऊन एवढेच म्हणते, ‘‘ओणी गेली की सांग रे, मग तांदूळ धुते.’’