नक्कलवाले भाऊ

भंडारा जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या गावांत तिरडी बांधणारा जाणकार एक असतो आणि मयताचे आधार कार्ड मागणारा दुसरा. मृत्यूच्या दाखल्याची नक्कल काढायला मदत करणाऱ्या या दुसऱ्या इसमास नक्कलवाले भाऊ म्हणतात. वय साठीच्या आसपास. पूर्वायुष्य बहुधा शाळेत, सेवा सहकारी सोसायटीत किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत गेलेले. खिशाला दोन पेन, काखेत रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत अंगठ्यासाठी शाईचे पॅड. मातीला ते सर्वांत आधी येत नाहीत, पण सर्वांत शेवटी जातात. कारण रडारड ओसरल्याशिवाय घरात कागद सापडत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

इतर लोक 'कसे गेले?' असे विचारतात. भाऊ विचारतात, 'गेले कोठी जी?' प्रश्न निर्दय वाटला तरी कायद्याला धरून आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंद होते. मयत कुठला रहिवासी होता याला महत्त्व नाही. पवनीच्या माणसाने राहत्या घरी डोळे मिटले तर नगर परिषद, लाखांदूर तालुक्यातील खेड्यात मिटले तर ग्रामपंचायत, इथवर सोपे. परंतु दुखणे हाताबाहेर गेले की रोग्याला 'नागपूरले' न्यायचे, हा या जिल्ह्याचा रिवाज आहे. तिथल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तो गेला की दाखला नागपूर महानगरपालिकेचा. बापजादे ज्या गावात नांदले त्या गावच्या ग्रामपंचायतीचा त्याच्या मरणाशी संबंध उरत नाही. गाडीतच प्राण गेला तर प्रकरण अधिक रंगते. वाहन पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे ते चालवणाऱ्याने खबर द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे नागपूरच्या वाटेवर मौद्याच्या आसपास कोणी गेल्याचे कळले की भाऊ अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला बाजूला घेतात आणि त्याने चहा नेमका कुठे घेतला याची चौकशी करतात.

नोंदीची मुदत 21 दिवस. तेरवी उरकल्यावर यातले आठ दिवस हातात राहतात आणि ते बहुधा पंगतीच्या खर्चावर भावाभावांनी भांडण्यात जातात. मुदत हुकली तर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागते, पुढे वर्षभर सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. हा बदल भाऊंना मनापासून आवडलेला नाही. कोर्टाच्या आवारातील त्यांच्या ओळखी वाया गेल्या.

खरी कसोटी नावाची. माणूस जन्मभर सदाशिवजी म्हणून वावरतो. आधारवर तो सदाशिव असतो, सातबाऱ्यावर सदू आणि बँकेच्या पासबुकात आणखी कोणी. मेला एकच, पण कागदोपत्री तिघांपैकी कोणता, हे कोणी सांगत नाही. म्हणून भाऊ खबरीचा फॉर्म स्वतः भरतात आणि वारसांना जोडाक्षरांसह मोठ्याने वाचायला लावतात. चूक राहिलीच तर पुरावा देऊन दुरुस्ती होते. मात्र मूळ नोंद खोडत नाहीत, दुरुस्ती समासात लिहितात. समासात लिहून घेण्यासाठी किती चकरा पडतात हे अधिनियमात दिलेले नाही.

त्यानंतर भाऊंचा प्रसिद्ध सल्ला येतो: 'दहा ओरिजिनल काढून ठेवजा, नाईतर मंग फिरत राहा.' खबर देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य मिळते, पुढच्या प्रतींना किरकोळ शुल्क पडते. दहाचा आकडा हौसेचा नाही. वारसाच्या फेरफारासाठी तलाठी, खात्यासाठी बँक, विम्यासाठी विमा कंपनी, मीटरसाठी महावितरण, शिवाय रेशन कार्ड, गॅस आणि विधवेचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. सातबारा बापाच्याच नावावर राहिला तर धान विकतानाही अडते. प्रत्येक ठिकाणी 'ओरिजिनल फक्त दाखवा, झेरॉक्स ठेवू' असे सांगतात आणि ओरिजिनल ठेवून घेतात. विमावाल्यांना वर मृत्यूचे कारण हवे असते. ते दाखल्यावर लिहिता येत नाही, कायद्यातच तशी मनाई आहे. हे कलम भाऊंना क्रमांकासह पाठ असून ते काउंटरवर उभे राहून खणखणीत म्हणतात.

जुन्या मयतांसाठी भाऊंची वेगळी विद्या आहे. मध्य प्रांताच्या काळात जन्म-मृत्यूची नोंद गावच्या कोतवालाकडे असे. त्या कोतवाल पंजींची नक्कल आजही जात पडताळणीसाठी तहसील कार्यालयातून काढतात. पणजोबा कोणत्या साली गेले हे घरात कोणाला आठवत नाही, तेव्हा भाऊ दुष्काळ, पूर आणि साथी यांच्यावरून साल जुळवतात. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, त्यामुळे तिरोड्याच्या जुन्या नोंदीत जिल्हा भंडाराच असतो. पुण्याच्या बँकेतील कारकुनाला हे समजावण्याचे फोन भाऊच करतात.

अलीकडे दाखल्यावर क्यूआर कोड येतो आणि दाखला हवा तितक्या वेळा छापता येतो. भाऊ कोड मोबाईलवर तपासून पाहतात, बरोबर निघतो, तरीही ते गोल शिक्का मारून मागतात. यात त्यांचा दोष थोडाच आहे, कारण पुढच्या टेबलावरचा माणूसही शिक्काच शोधतो.

भाऊंची फी चहा, फार तर तेरवीच्या जेवणात आग्रहाचे वाढप. गाव त्यांना मागे हसते. गरुडपुराण सांगणाऱ्याला दक्षिणा मिळते, भाऊंना मिळत नाही. हा व्यवहार उफराटा आहे. ज्यांच्या गावात असे भाऊ नाहीत त्यांनी एवढे करावे: मृत्यू कुठे झाला ते ठरवून 21 दिवसांच्या आत तिथे नोंद करावी, नाव आधारप्रमाणे आहे का ते काउंटर सोडण्यापूर्वी वाचावे आणि प्रती एकदमच मागून घ्याव्यात.