सहा गठ्ठ्यांचा संसार

कार्यालय नीटनेटके ठेवण्याची विद्या आपण जपानकडून शिकलो, असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीचे टेबल पाहावे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. पुढे सहा गठ्ठे पद्धत अंगवळणी पडली: बैठकीवरची प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने द्यायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. यातला ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठा म्हणजे खरी प्रतिभा. दुसऱ्या कार्यालयाला एक पत्र धाडले, की प्रकरण बैठकीवरून उठून तिथे जाऊन बसते. टेबल रिकामे, तपासणी अधिकारी खूश. अर्जदार तेवढा जिथल्या तिथे. त्याच्यासाठी सातवा गठ्ठा कुणी बांधलेला नाही.

यावर म्हणतील, पसाऱ्यात कागदच सापडला नाही तर निर्णय कशावर घेणार? मुद्दा बिनतोड आहे. कागद सापडलाच पाहिजे, आणि कागदांच्या वर्गवारीप्रमाणे ‘अ’ वर्गाचे कायम जपून ‘ड’ वर्गाचे वर्षभराने काढून टाकण्यात शहाणपणच आहे. पण सापडलेल्या कागदावर सही करण्याचा गुण गठ्ठा बांधायच्या रुमालात नसतो, आणि तपासणीत मोजले जातात ते गठ्ठे. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी रुमाल धुतले जातात, कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या जातात आणि बाहेरच्या बाकावरच्या माणसांना सांगितले जाते, ‘आज गर्दी नको, सोमवारी या.’