रुमाल कसा वाचावा

पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले गेले म्हणून हे नाशिक, असे परंपरा सांगते. नाव नऊ शिखरांवरून पडले म्हणणारेही आहेत. दोन्ही खरे धरले तर नाकी नऊ येतात, आणि जुनाट सायनसवाल्यांना ते आधीच आलेले असतात. अशा गावात तरी शेंबूड नीट वाचता यायला हवा. तर नाक शिंकरल्यावर रुमालाची घाईने घडी घालू नये. उजेडात धरावा आणि पहिल्याच नजरेला रंगावर जाऊ देऊ नये. रंग हा फार बोलका, पण बेभरवशाचा साक्षीदार. हिरवेपणा येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या लोहयुक्त एन्झाइमचा. म्हणजे फौज उतरली एवढे कळते; समोर जिवाणू आहेत, विषाणू आहेत की नुसतीच सूज, ते कळत नाही. तरी हिरवे दिसताच मेडिकलमधून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणणे हा आपला कुलाचार.

पाहायची ती तार. निरोगी शेंबूड सुमारे ९५ टक्के पाणी असतो. नाकातले सूक्ष्म केस तो घशाकडे ढकलतात आणि आपण दिवसभर नकळत गिळत राहतो (हे वाक्य जेवताना वाचू नये). सूज मुरली की म्युसिन हे चिकट प्रथिन बनवणाऱ्या पेशी वाढतात, त्यात मेलेल्या पेशींचा डीएनए मिसळतो, आणि रुमाल वीतभर दूर नेला तरी तार तुटत नाही. त्यातून गालामागच्या सायनसचे तोंड तळाशी नसून वर आहे, जणू प्लंबरने टाकीची तोटी झाकणापाशी बसवली. केस थकले की माल आतच साचतो. कोणी म्हणेल, वाफ घेतली की मोकळे वाटते. वाटते खरे, पण सूज तिथेच राहते. कोणी निफाडच्या थंडीला दोष देईल. मग दसऱ्याला सुरू झालेली सर्दी संक्रांत उलटून चैत्राच्या उन्हातही का टिकते? डॉक्टर जुनाट म्हणतात ते १२ आठवड्यांनंतर. तेव्हा रंगाच्या तक्त्याऐवजी भिंतीवरचे कॅलेंडर वाचावे. कांद्याच्या या जिल्ह्यात फोडणीतल्या कांद्याचा वास येईनासा झाला, तर तीही नोंद करावी.

जलनेती जरूर करावी, मात्र उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने; रामकुंडाचे तीर्थ नाकात घालू नये. आणि एकाच नाकपुडीतून दुर्गंधी किंवा रक्त येत असेल तर कॅलेंडरही बाजूला ठेवा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कधी कधी दोष वरच्या दाढेच्या मुळाशी निघतो.