रॉमराव

कुणी नवा मोबाईल घेतला की हिंगोलीत माणसं आधी किंमत विचारतात, आणि मग "आपल्या ओळखीत हाच हजारानं कमी पडला असता" असं सांगून त्याचा आनंद खलास करतात. रॉमराव किंमत विचारत नाही. तो मोबाईल आपल्या हातातून अलगद काढून घेतो, सेटिंगमध्ये शिरतो, पार तळाशी जाऊन बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारतो, आणि 'आता तुम्ही डेव्हलपर आहात' अशी अक्षरं पडद्यावर उमटली की समाधानानं मान हलवून मोबाईल परत देतो. गुगलनं २०१२ साली, अँड्रॉइड ४.२ पासून, ही खिडकी सामान्य माणसाच्या नजरेआड केली, याचा त्याला अजून राग आहे. हळदीची पट्टी घ्यायला मार्केट यार्डात आलेले कितीतरी शेतकरी त्यानं असे उभ्याउभ्या डेव्हलपर केले. आपण काय झालो हे त्यांना आजही ठाऊक नाही.

कागदोपत्री त्याचं नाव निराळं आहे. आजोबा रामराव आणि नातवाला फोनमधलं रॉम, म्हणजे आतलं सगळं सॉफ्टवेअर, बदलायचा नाद, तेव्हा बाकीचं काम गावानं केलं. पण हा एकटाच आहे असं समजू नका. वसमतला एक आहे. कळमनुरीला दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एक सॅमसंगवाला आणि दुसरा शाओमीवाला. सेनगावचा पुण्याला गेला. तो 'आयटीत' आहे असं त्याची आई सांगते आणि गाव जास्त खोलात जात नाही. आपल्या रॉमरावाचं बी.एस्सी. झालेलं आहे, फक्त दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. ते राहिले त्याच वर्षी त्यानं पहिला फोन रूट केला. या दोन घटनांचा संबंध घरच्यांनी केव्हाच लावला. त्यानं अजून लावलेला नाही.

मोबाईल दुरुस्तीवाल्याशी त्याची गल्लत करू नये. चौकात काउंटर टाकून बसलेला दुकानदार 'सॉफ्टवेअर मारतो', म्हणजे लोगोवर अडकलेला फोन घेतो, बॉक्सला जोडतो, चालू करून देतो आणि तीनशे रुपये घेतो. रॉमराव एक पैसा घेत नाही, आणि खरा धोका इथंच आहे. पैसे घेणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. फुकट बिघडवणाऱ्याला उलट चहा पाजावा लागतो. शिवाय दुकानदाराकडे बंद पडलेले फोन येतात. रॉमरावाकडे चालू फोन येतात.

रूट म्हणजे काय, हे त्याला विचारायची सोय नाही. विचारलंत तर तुमची हिंगोली-परभणी गाडी चुकलीच. त्याचा सिद्धांत असा : "काका, सातबारा तुमच्या नावावर, पण वावरात पेरायचं काय ते कंपनी ठरवणार. नको ती ॲपं कंपनी घालणार आणि तुम्हाला ती उपटताही येणार नाहीत. हा कुठला न्याय? रूट केलं की कब्जा भेटतो." जमिनीच्या भाषेत बोललं की मराठवाड्यात माणूस लगेच ऐकतो. तोवर काकांचा मोबाईल केबलला लागलेला असतो.

पुराणकथाही त्याच्याकडे आहेत. सगळ्यात लाडकी २००८ ची. अमेरिकेत टी-मोबाईलनं जी-वन हा पहिला अँड्रॉइड फोन आणला. त्यात कारखान्यातलीच एक फट राहून गेली होती : कीबोर्डवर तुम्ही जे काही टाइप कराल ते आतल्या आत थेट रूटच्या हुकमासारखंही चालायचं. एकानं कुणाशी तरी गप्पा मारताना 'रीबूट' असा शब्द लिहिला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा चालू झाला! गुगलनं घाईघाईनं ते भोक बुजवलं. रॉमराव ही कथा कीर्तनकाराच्या थाटात सांगतो आणि शेवटी कपाळाला हात लावतो. आपला जन्म जरा उशिरा झाला, ही हळहळ त्यात असते.

त्याची साधना मात्र इथलीच. चायना मोबाईलच्या जमान्यात तो शाळेत होता. ३० नोव्हेंबर २००९ नंतर आयएमईआय हा ओळख-आकडा नसलेल्या हँडसेटची सेवा बंद झाली आणि सहा स्पीकरवाले, गावभर ऐकू जाणारे मोबाईल एका रात्रीत मुके झाले. फोन धडधाकट असून केवळ एका आकड्यावाचून मरतो, हे त्यानं कोवळ्या वयात पाहिलं. पुढे २०११ चा सॅमसंग गॅलेक्सी वाय घरात आला. तीन इंची पडदा आणि आत जागा इतकी कमी की एक ॲप टाकायचं तर दुसरं काढावं लागे. रूट केलं की ॲपं मेमरी कार्डावर ढकलता येतात, हे त्याला कुठूनसं कळलं. त्यानं ती ढकलली आणि फोन सुधारला. पहिल्याच खेपेला यश आलं, हे त्याच्या आयुष्यातलं मोठं दुर्दैव.

नवं रॉम चढवायचा, म्हणजे फ्लॅशिंगचा, विधी बघण्यासारखा असतो. जुना डेस्कटॉप आहे, यूपीएस कधीचा गेलेला. म्हणून सगळ्यात आधी महावितरणचं वेळापत्रक बघायचं. गावात लोक लाईटीची वेळ बघून मोटार लावतात. हा तीच वेळ बघून फोन लावतो. मग फोन बंद करायचा, आवाज कमी करायचं बटण, होमचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरायचं. त्याला दोन हात पुरतात, पण तिसऱ्याचं बोट लागतंच असा त्याचा आग्रह असतो. जबाबदारी वाटली जाते. पडद्यावर सूचना येते की फोन बंद करू नका. सॅमसंगचा फोन असेल तर संगणकावर ओडिन नावाचं सॉफ्टवेअर उघडतं. ओडिन हा उत्तर युरोपातल्या लोकांचा जुना देव. औंढ्याच्या नागनाथाखालोखाल रॉमरावाची श्रद्धा याच दैवतावर आहे. हिरव्या चौकटीत 'पास' उमटलं की पावला, लाल चौकटीत 'फेल' उमटलं की केबल बदलायची. दोष नेहमी केबलचा असतो.

ओडिनमधली पट्टी निम्म्यावर आली की लाईट जाते. वेळापत्रक महावितरणचं असलं तरी ते पाळायचं बंधन महावितरणवर नाही. अंधारात कुणी बोलत नाही. शेवटी रामराव आबाच विचारतात, "मेला का रं?"

"मेला न्हाई आबा. सॉफ्ट ब्रिक हाये."

"म्हंजी?"

"म्हंजी वीट झाली, पण मऊ."

आबांनी उभ्या आयुष्यात मऊ वीट पाहिलेली नाही. पण नातू शिकलेला आहे, म्हणून ते पुढं विचारत नाहीत. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो फोन उठवतोही. लाईट आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि रात्री अकराच्या सुमाराला लोगो झळकतो. नव्या रॉमचं पहिलं बूट व्हायला दहा मिनिटं सहज जातात. त्या दहा मिनिटांत रॉमराव जितक्या मनापासून देवाचं नाव घेतो तितकं नरसीच्या यात्रेतही घेत नसेल.

त्याच्या मामांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मामांचा फोन उत्तम चालत होता. भाच्याला ते बघवलं नाही. "मामा, तुमचा फोन जरा स्लो हाये." मामा म्हणाले, "मलाबी घाई न्हाई." तरी व्हायचं ते झालंच. नवं रॉम आलं. फोन वाऱ्यासारखा पळू लागला, फक्त पलीकडच्याला मामांचा आवाज जाईना, आणि कॅमेरा उलटा झाला. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. मामांच्या फोनमधलं अख्खं जग कशासाठी फिरलं ते रॉमरावालाच ठाऊक. त्या रॉमसोबत आलेल्या चिठ्ठीत 'काय चालत नाही' या सदरापुढे बनवणाऱ्यानं 'ते तुम्हीच सांगा' असं लिहिलेलं होतं. या लोकांचा विनोद असाच असतो. मामांनी महिनाभर फोन उलटा धरून फोटो काढले. ई-पीक पाहणीच्या वेळी त्यांनी कापसाचा फोटो तसाच काढला, आणि मग लोकेशन सापडेना. मामा स्वतःच्या बांधावर उभे, आणि फोन सांगतोय की तुम्ही इथं नाहीच. तेव्हा त्यांनी भाच्याला जी हाक मारली ती शेजारच्या शिवारात ऐकू गेली. आवाजाचा दोष आपोआप मिटला म्हणायचा.

लग्नाचं जमेना, त्यालाही हेच कारण. मुलगी बघायला गेला की हा बघतो मुलीच्या बापाचा फोन. एका ठिकाणी पोहे येईस्तोवर त्यानं होणाऱ्या सासऱ्यांच्या शाओमीला बूटलोडर, म्हणजे रॉम बदलायचं दार, उघडायचा अर्ज लावून टाकला. शाओमीत तो लगेच उघडत नाही. कंपनी कधी ७२ तास, कधी १६८, तर कधी ३६० तास थांबायला लावायची, माणसाचा उत्साह ओसरावा म्हणून. हा निघताना मुलीकडचे म्हणाले, "आठ दिवसांत कळवतो." बाकी नवरदेव अशा निरोपानं खचतात. याला सवय आहे. तो म्हणाला, "म्हंजी १६८ तास. चालतंय." त्यांनी अजून कळवलेलं नाही.

अलीकडे दिवस फिरलेत. कंपन्यांनी दारं बंद करत आणली. सॅमसंगच्या फोनात तर आत एक बारीकसा फ्यूज असतो. परकं सॉफ्टवेअर घातलं की शून्याचा एक होतो आणि तो कुठल्याही उपायानं पुन्हा शून्य होत नाही. बँकांची ॲपं रूट केलेला फोन ओळखतात आणि उघडायलाच नकार देतात. मग लपाछपी. मॅजिस्क नावाचं एक हत्यार होतं, रूट असून नसल्यासारखं दाखवणारं. ते लिहिणारा जॉन वू हा रॉमरावाचा आदर्श. २०२१ मध्ये वू गुगलमध्येच, अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या कामावर रुजू झाला, आणि लपवण्याची ती जुनी सोय पुढच्या आवृत्तीतून गेली. रॉमरावाला हा आघात २०१६ च्या डिसेंबरपेक्षा मोठा वाटला. तेव्हा सायनोजेनमॉड हे रॉम बंद पडलं होतं आणि तो दिवसभर जेवला नव्हता. पण त्यातून निदान लिनिएज हे नवं रॉम उभं राहिलं. वू तर चक्क पलीकडे गेला.

आबांना ही बातमी वेगळीच लागली. "म्हंजी ते पोरगं हेच उद्योग करायचं?"

"व्हय आबा."

"अन् त्याला गुगलात नोकरी लागली?"

"व्हय."

"मग तू का न्हाई लागला रं?"

या प्रश्नाला ओडिनकडेही उत्तर नाही. मायची आशा जरा जवळची आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाइतकी हालचाल टिपायची. मायला एवढंच कळलंय की तिथं पुष्कळ कंप्युटर असणार. ती अधूनमधून विचारते, "तिथं भरती निघली का रं?" रॉमराव म्हणतो, "त्यांनी बी लिनक्सच घेतलं असणार." मायच्या दृष्टीनं हे उत्तर नव्हे.

बँकांची ॲपं उघडत नसल्यानं गंमत अशी की गावात मोबाईलमधलं सगळ्यात जास्त ज्याला कळतं, तोच चहाचे पैसे सुट्ट्या नाण्यांत देतो. टपरीवर सगळ्यांचे पैसे यंत्रातली बाई मोठ्यानं पुकारते. याचे पैसे टपरीवाला मोजून गल्ल्यात टाकतो. रॉमरावाला फोन लावला तर तो बंद, कारण फोन कायम कुठल्यातरी पहिल्या बूटमध्ये असतो. निरोप मायच्या बटणवाल्या फोनवर द्यावा लागतो. तो फोन माय पदराला बांधून ठेवते.

पण एक बाजू कबूल करायलाच हवी. २०१७ साली आलेला रेडमी नोट ४ कंपनीनं अँड्रॉइडच्या सातव्या पायरीवर सोडून दिला. जगभरातल्या असल्याच रॉमरावांनी तो फुकटात, रात्री जागून, पुढे कितीतरी पायऱ्या चढवला. आपल्या रॉमरावानं चढवलेले दोन-तीन तर आजही गावात चालतात. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज भरायची झुंबड उडाली, तेव्हा पाटीवर काढलेली रेघ पुसावी तसे अर्ज गायब होत होते. रात्री दोनला, सर्व्हर जरा मोकळा झाला की, असल्या पुनर्जन्म घेतलेल्या फोनवरून त्यानं गल्लीतल्या बायकांचे अर्ज भरून दिले. त्या वेळी त्याला कुणी रॉमराव म्हटलं नाही, सगळ्या 'दादा' म्हणत होत्या. आणि दुसरं म्हणजे आयएमईआयला तो हात लावत नाही. अनोळखी माणूस येतो, बिल हरवलंय म्हणतो, डबा हरवलाय म्हणतो, पॅटर्नही विसरलो म्हणतो. रॉमराव फोन पालथा घालून खाटेवर ठेवतो आणि विचारतो, "मंग तुमचं यात काय हाये?" नव्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे तो कलमासकट सांगतो. कब्जा मिळवून देणारा माणूस मालकी आधी तपासतो, हे मला आवडतं.

यंदा वावरात सौरपंप बसला. खांबावर पत्र्याची पेटी आहे, आत कंट्रोलर, आणि पंप किती चालला ते दूर कळवायला एक सिमकार्ड. पेटी बसवणारी माणसं गेल्यावर रॉमराव बराच वेळ तिच्याभोवती फिरला. सिम आहे म्हणजे मोडेम आहे, आणि मोडेम आहे म्हणजे बूटलोडर असणारच, असं तो रात्री जेवताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी हिंगोलीहून कुलूप आणलं. किल्ली आबांच्या करदोट्याला आहे. आबांचा दुपारी डोळा लागतो.